वेगळा दिसतो तो चोरच का?

समजा, आपल्या शाळेने परीक्षेचे निकाल इंटरनेटवर ठेवले आहेत. पडद्यावर एक रिकामी चौकट दिसते. विद्यार्थ्याने तिच्यात आपला आसन क्रमांक लिहिला, की त्याचे गुण समोर येतात. आत संगणकाला दिलेली आज्ञा साधारण अशी असते: "ज्या ओळीत आसन क्रमांक = ... असेल, ती ओळ दाखव." गाळलेली जागा विद्यार्थी भरतो.

आता एखाद्याने त्या चौकटीत "१७ किंवा १ = १" असे लिहिले तर? आज्ञा अशी होईल: "ज्या ओळीत आसन क्रमांक = १७ किंवा १ = १ असेल, ती ओळ दाखव." १ = १ हे विधान नेहमीच सत्य असते; आणि 'किंवा'ने जोडलेल्या दोन विधानांपैकी एक सत्य असले तरी पुरते, हे आपण वर्गात शिकवतोच. म्हणजे यादीतली प्रत्येक ओळ ही अट पूर्ण करते. संगणक मुकाट्याने साऱ्या शाळेचे गुण दाखवून मोकळा होतो. कुलूप फोडलेले नाही, परवलीचा शब्दही चोरलेला नाही. माहिती म्हणून दिलेला मजकूर संगणकाने आज्ञा म्हणून वाचला, एवढेच.

या युक्तीला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. १९९८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कंपनीतून कोट्यवधी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती याच वाटेने.

असे हल्ले ओळखायचे कसे? पहिला मार्ग पोलीस ठाण्यातल्या फोटोंच्या फलकासारखा आहे. माहीत असलेल्या हल्ल्यांच्या खुणांची यादी करायची आणि येणारी प्रत्येक मागणी तिच्याशी ताडून पाहायची. ओळखीचा चोर लगेच सापडतो; पण १ = १ ऐवजी कोणी २ > १ लिहिले, तर कोरी पाटी.

दुसरा मार्ग डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली मांडला. चोर कसा दिसतो ते विचारू नका. रोजचा व्यवहार कसा चालतो ते आकड्यांत नोंदवा आणि त्याहून फार वेगळे काही दिसले, तर घंटा वाजवा. नियम माणसाने लिहून न देता यंत्राने नोंदींवरून स्वतःच बसवायचे, हेच यंत्रशिक्षण किंवा 'मशीन लर्निंग'.

क्रूगेल आणि व्हिग्ना या संशोधकांनी २००३ साली ही कल्पना संकेतस्थळांना लावली. त्यांनी तपासलेली एक गोष्ट अगदी साधी होती, ती म्हणजे चौकटीत भरलेल्या मजकुराची लांबी. समजा, नावाच्या चौकटीतील अक्षरांची सरासरी १८ आणि प्रमाण विचलन ५ आहे. एके दिवशी तिथे ११८ अक्षरे आली. हे अंतर १०० अक्षरांचे, म्हणजे प्रमाण विचलनाच्या २० पट आहे. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाचा नियम सांगतो, की सरासरीपासून क पट किंवा त्याहून दूर पडण्याची संभाव्यता १/क² पेक्षा जास्त नसते. इथे ती फार तर ४०० त एक. पण ३३ अक्षरांचे नाव केवळ तीन पट दूर आहे, त्याची मर्यादा ९ त एक. त्यामुळे लांबलचक नावाच्या मुलीला यंत्र उगाच अडवत नाही. लांबीबरोबरच कोणती चिन्हे किती वेळा येतात, मजकुराची रचना कशी आहे, हेही यंत्र शिकते.

मग अडचण कुठे आहे? ती संभाव्यतेत आहे. यंत्र शंभरातले ९९ हल्ले पकडते आणि शंभरातील फक्त एका प्रामाणिक मागणीवर चुकून घंटा वाजवते, असे समजू. दिवसात १,००,००० मागण्या आल्या, त्यांत १०० हल्ले होते. यंत्र ९९ हल्ले पकडेल. पण उरलेल्या ९९,९०० प्रामाणिक मागण्यांपैकी ९९९ वेळाही ते घंटा वाजवील. एकूण १,०९८ घंटांपैकी खऱ्या केवळ ९९, म्हणजे सुमारे ९ टक्के. दर अकरा घंटांमागे दहा खोट्या! 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट इथे रोज घडते. चूक यंत्राची कमी आणि हल्ल्यांच्या विरळपणाची जास्त. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ साली नेमके हेच दाखवून दिले.

प्रयोगशाळेत हा दोष झाकला जातो. स्पेनच्या संशोधन परिषदेने २०१० साली तयार केलेला, फार वापरला जाणारा नमुनासंच पाहा. त्यात ३६,००० साध्या आणि २५,००० हून अधिक विपरीत मागण्या आहेत. प्रत्यक्षात चोरांचे प्रमाण एवढे कधीच नसते. तेव्हा 'आमचे यंत्र ९९ टक्के अचूक' असे कोणी म्हटले, तर 'कोणत्या संचावर?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

खोट्या घंटेची किंमत कोणीतरी मोजत असते. गोव्यातील डिसोझा हे आडनाव घ्या. रोमन लिपीत ते लिहिताना पहिल्या अक्षरानंतर पुष्कळदा वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे चिन्ह देतात. संगणकाच्या आज्ञेत तेच चिन्ह मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दाखवते, म्हणून हल्लेखोरांचेही ते आवडते. ज्या यंत्राने शिकताना असे आडनाव पाहिलेच नाही, ते या मुलाचा अर्ज संशयित ठरवू शकते. उलट, शिकण्याच्या नोंदींतच हल्ले मिसळलेले असतील, तर यंत्र चोरालाच घरचा माणूस समजेल.

म्हणून खरा इलाज मुळाशी करायला हवा. आज्ञा आधी पक्की करायची आणि चौकटीतला मजकूर तिच्याकडे केवळ माहिती म्हणून, वेगळा पाठवायचा. मग "१७ किंवा १ = १" या नावाचा आसन क्रमांक शोधला जातो, आणि तो सापडत नाही. यंत्रशिक्षण हा त्यामागे उभा असलेला पहारेकरी. त्याने बोट दाखवावे, शहानिशा माणसाने करावी.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग: हजेरीपटावरील सर्व नावांची अक्षरे मोजायला सांगा, सरासरी व प्रमाण विचलन काढा, आणि सर्वांत दूर कोणाचे नाव पडते ते पाहा. त्या विद्यार्थ्याला उभे करून वर्गाला विचारा, "हा चोर आहे का?" वर्ग हसेल. त्या हसण्यातच या लेखाचे उत्तर आहे.