मीठ घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या



आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही आठ-दहा जणी दर गुरुवारी दुपारी जमतो आणि एक पुस्तक मोठ्यानं वाचतो. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. हात रिकामे नसतात, कुणी लसूण सोलते, कुणी वाती वळते. या पावसाळ्यात आम्ही 'चौघीजणी' घेतलं होतं. शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं. मूळ पुस्तक अमेरिकेतलं, लुइझा मे अल्कॉट या बाईंचं. 'लिटल विमेन' त्याचं नाव. पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि दुसरा १८६९ मध्ये.

तिसऱ्या गुरुवारी आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी वैतागल्या. म्हणाल्या, "हे पुस्तक हसायचं आहे का रडायचं, ते एकदा सांगून टाका. म्हणजे मी त्या तयारीनं येईन."

आजींच्या या प्रश्नावरच आज बोलायचं आहे.

पुस्तक ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्च आडनावाचं घर. वडील लढाईवर गेलेले, घरात आई आणि चार मुली. थोरली मेग सोळा वर्षांची, तिच्या पाठची ज्यो पंधराची, मग बेथ तेरा आणि धाकटी एमी बारा. पूर्वी पैसा होता, आता नाही. मेगला चांगले कपडे हवेत, ज्योला लेखिका व्हायचंय, बेथला फक्त घर आणि पियानो पुरे, आणि एमीला आपलं नाक धारदार हवंय, म्हणून ती रात्री नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून झोपते. यावर आमच्याकडे कुणी हसलं नाही असं झालं नाही. आपण लहानपणी हळद-साय थापून बसायचो, त्यातलाच प्रकार.

ज्या प्रकरणामुळे आजी वैतागल्या, ते जरा सावकाश सांगते. मुली ठरवतात की एक आठवडा काहीच काम करायचं नाही. आई शहाणी, ती म्हणते करून बघा. आठवड्याच्या शेवटी ती कामवाल्या हॅनालाही सुट्टी देते आणि स्वतःही हात आखडता घेते. ज्यो ऐटीत पाहुण्यांना जेवायला बोलावते. मग काय विचारता! बटाटे कच्चे राहतात, पाव करपतो, शेवटी स्ट्रॉबेऱ्यांवर तिनं भरभरून जे पेरलेलं असतं ते साखर नसतं, मीठ असतं. वरची सायही नासलेली. पाहुणी बाई एक घास घेते आणि तोंड वाकडं करते. ज्यो रडकुंडीला येते, पण तेवढ्यात शेजारचा लॉरी तिच्याकडे बघतो आणि तिला असं हसू फुटतं की सगळं टेबल हसायला लागतं.

पण याच प्रकरणात, याच सकाळी, बेथचा कॅनरी पक्षी पिंजऱ्यात मरून पडलेला सापडतो. आठवडाभर कामं बंद, म्हणून त्याला दाणापाणी द्यायचं राहून गेलं. बेथ त्याला हातात घेऊन बसते. एमी सुचवते की भट्टीत ठेवून बघू, ऊब मिळाली तर उठेल कदाचित. हसावं का रडावं कळत नाही ते इथंच. उपाशी मारलं, आता भाजायचं नाही, असं बेथ तिला सांगते. खारट स्ट्रॉबेऱ्यांवर पोट धरून हसून झालं की सगळे मिळून बागेत त्या पाखराला पुरतात.

आता बघा, लेखिकेला हे दोन वेगळ्या दिवशी घालता आलं असतं. एक दिवस फजितीचा, एक दिवस शोकाचा. तिनं तसं केलं नाही, कारण घरात तसं होत नाही. चुलीवर दूध उतू जात असतानाच वाईट बातमीचा फोन येतो. आणि दोन्हींचं कारणही तिनं एकच ठेवलंय. काम टाकलं म्हणून जेवण बिघडलं आणि काम टाकलं म्हणूनच पाखरू गेलं. एका चुकीवर आपण हसतो, दुसरी आयुष्यभर लक्षात राहते.

मला हे का लागलं ते सांगते.

माझी थोरली बहीण, आक्का, तीन वर्षांपूर्वी गेली. मागं उरलो आम्ही दोघी, मधली आणि मी. दहाव्याच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत भांडी पुसत होतो. मधली एकदम म्हणाली, "तुझ्या लग्नातला आक्काचा ब्लाउज आठवतोय का गं?" झालं! माझ्या हळदीला आक्का फुगडी खेळली होती आणि ब्लाउज पाठीवर उभा उसवला. दुसरा आणलेला नव्हता. मग दोन दिवस ती खांद्यावरून पदर घट्ट लपेटून, भिंतीला पाठ लावून बसली. माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "थोरली बघा किती घरंदाज, पदर ढळू देत नाही." हे आठवलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो. आवाज बाहेर गेला. एक नात्यातल्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "घरात अजून दिवस चालू आहेत आणि तुम्हाला हसू सुचतंय?"

त्या बोलण्याचं मला फार वाईट वाटलं. मधली आणि मी त्यानंतर आक्काचा विषयच काढेनाशा झालो. मग हळूहळू फोनही कमी झाले. भांडण नव्हतं काही, पण बोलायचं काय? जिच्यावर बोलायचं, तिच्यावर बोलायची चोरी.

आणि गुरुवारच्या वाचनात ज्योची मेजवानीची गोष्ट आली. ज्योचा चांगला झगा पाठीमागं भाजलेला असतो, कारण शेकोटीला पाठ करून उभं राहायची तिची खोड. म्हणून मेग तिला बजावते की मेजवानीत पाठ दाखवायची नाही. ज्यो भिंतीला पाठ लावून उभी! मी वाचत होते, मला पुढचं वाचता येईना. सगळ्यांना वाटलं मी हसतेय. हसतच होते मी, पण नुसती हसत नव्हते.

घरी जाऊन मी या लेखिकेबद्दल आणखी वाचलं. त्यातून जे कळलं, त्यानं आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं.

लुइझाच्या घरीही चौघी बहिणीच होत्या. थोरली ॲना, मग लुइझा, मग एलिझाबेथ म्हणजे लिझी, आणि धाकटी मे. लिझीला लाल्या ताप आला, त्यातून ती उठली पण सावरली नाही, आणि १८५८ मध्ये बावीस वर्षांची असताना गेली. पुस्तकातली बेथ म्हणजे ही लिझी. म्हणजे लुइझा जेव्हा कॅनरी, स्ट्रॉबेऱ्या, नाकाचा चिमटा हे सगळं लिहायला बसली, तेव्हा बहिणीला जाऊन दहा वर्षं झाली होती. बेथचं पुढं काय होणार हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली, बरोबर आहे का तुम्हीही वाचून बघा. मेग, ज्यो, एमी, तिघींची फजिती पुस्तकात पानोपानी आहे. बेथची जवळजवळ नाहीच. लेखिकेला तिच्यावर हसू काढवलं नसावं. दुसऱ्या भागात बेथ जाते तेव्हा मात्र ते लांबवलेलं नाही, आरडाओरडा नाही, थोडक्यात आहे. नंतर ज्यो बेथचा झाडू आणि सुपली हातात घेते, तिची कामं तिच्यासारखी करू बघते, तिची गाणी गुणगुणते. मला रडू आलं ते त्या झाडूजवळ.

लुइझाचं हसू काही सुखातून आलेलं नव्हतं. वडील मोठे विचारवंत, पण कमाई नाही. १८४३ मध्ये त्यांनी मित्रासोबत शेतावर एक आदर्श वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, जनावरांकडून काम घ्यायचं नाही, लोकर अंगाला लावायची नाही. तत्त्वं उंच, आणि राबायला बहुतेक एकटी आई. हिवाळ्यात ते सगळं मोडलं. लुइझानं पुढं त्यावर एक खुसखुशीत गोष्ट लिहिली, आणि त्यात आईचे कष्ट बरोबर पकडले. वडिलांवर चिडून ओरडण्यापेक्षा ते जास्त झोंबत असणार. नंतर लढाईच्या काळात ती वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात जखमी सैनिकांची सेवा करायला गेली, टायफॉइड होऊन परतली, तरी त्या अनुभवांचं जे पुस्तक १८६३ मध्ये आलं, त्यात मरणाशेजारी थट्टा आहेच.

'लिटल विमेन' तर तिनं हौसेनं लिहिलंच नाही. प्रकाशकानं मुलींसाठी पुस्तक मागितलं, घरात पैशांची गरज होती. तिला स्वतःला ते सुरुवातीला कंटाळवाणं वाटत होतं. मेमध्ये सुरू करून जुलैत हातावेगळं केलं. मात्र प्रकाशकाचा सल्ला ऐकून पुस्तकाचे हक्क तिनं स्वतःकडे ठेवले, आणि त्यानंच घर तरलं. (बायांनो, कुठंही सही करताना हे ध्यानात असू द्या.)

पहिला भाग आल्यावर वाचक मुलींची पत्रं सुरू झाली, कुणाचं कुणाशी लग्न होणार? ज्योचं लॉरीशी लावा म्हणून सगळ्या मागं लागल्या. लुइझा स्वतः बिनलग्नाची, तिला ज्योही तशीच ठेवायची होती. शेवटी तिनं मुद्दाम खोडी काढावी तसं ज्योला एका वयानं मोठ्या, गरीब जर्मन प्राध्यापकाच्या गळ्यात बांधलं, तेही चिखलात, पावसात, एका छत्रीखाली. आमच्याकडच्या दोन मुली यावर अजून रुसल्यात. मला तो प्राध्यापक आवडला.

आता थोडं आपल्याकडचं. बायकांवरचे विनोद आपण रोज ऐकतो. बायको जाड, सासू खाष्ट, बायका चुगलखोर. ते हसू बाहेरून येतं आणि ते सांगणाऱ्याला त्या बाईचं काही घेणंदेणं नसतं. मंगळागौरीला आपण जागरणात एकमेकींची सोंगं काढतो, सासू-सुनेचं भांडण खेळतो, ते हसू वेगळं. त्यात आपणही असतो. 'बाईपण भारी देवा' हा सहा बहिणींचा सिनेमा २०२३ मध्ये आला, तेव्हा बायका गाड्या करून बघायला गेल्या, आठवतंय ना? आम्हीही गेलो होतो. मंगळागौरच आहे त्यात.

'चौघीजणी'तलं हसू या दुसऱ्या जातीचं आहे. वडील आजारी पडतात, आईला गाडीभाड्याला पैसे हवे असतात, तेव्हा ज्यो आपले लांब केस पंचवीस डॉलरला विकून येते. घरातलं कुणी हळहळतं की हिच्याकडे सुंदर तेवढं एकच होतं! म्हणजे कौतुकही आणि टोमणाही. रात्री ज्यो अंधारात रडते. मेगला वाटतं वडिलांसाठी. नाही, केसांसाठी. हे फक्त शेजारी झोपणाऱ्या बहिणीलाच कळतं.

लुइझाच्या आयुष्यात पुढंही मरणं थांबली नाहीत. १८७० मध्ये ॲनाचा नवरा गेला, तेव्हा तिच्या दोन मुलांची सोय व्हावी म्हणून लुइझानं पुढचं पुस्तक लिहिलं. धाकटी मे चित्रकार, पॅरिसला शिकली, लग्न लंडनला झालं. १८७९ च्या नोव्हेंबरात तिला मुलगी झाली आणि डिसेंबरात ती गेली. मुलीचं नाव मावशीचंच, लुइझा. लाडानं लुलू. ती पुढच्या वर्षी समुद्र ओलांडून मावशीकडे आली आणि मावशीनं तिला १८८८ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत सांभाळलं. माय मरो, मावशी जगो, असं आपण म्हणतो ते त्या मुलुखातही खरं होतं.

आजींना मी एवढंच सांगितलं की दोन्ही तयारीनं या. त्या म्हणाल्या, "मग जास्तीचा रुमाल आणते. आणि दातांची कवळी घट्ट बसवून येते."

मागच्या महिन्यात आक्काची मुलगी माझ्याकडे राहायला आली होती. तिला मी ज्योच्या झग्याचं वाचून दाखवलं आणि धीर करून तिच्या आईच्या ब्लाउजचीही गोष्ट सांगितली. तिनं ती कधी ऐकलीच नव्हती. ती ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, तो जांभळा का गं? तो आईनं टाकला नाही. ट्रंकेत आहे. पाठीला केवढी मोठी शिवण मारलीय, तीही काळ्या दोऱ्यानं!"

मी तिथल्या तिथं मधलीला फोन लावला. "काळ्या दोऱ्यानं," एवढंच म्हणाले. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग मधली हसायला लागली, ती थांबेचना.