जंगलातला ‘चकवा’ आणि थकलेले शरीर

जुलै २०१३. अमेरिकेतील मेन राज्याच्या घनदाट जंगलात ६६ वर्षांची एक महिला ‘ॲपलाचियन ट्रेल’वर एकटीच चालत होती. नैसर्गिक विधीसाठी ती वाटेवरून थोडी आत गेली आणि मग तिला परतीची वाट सापडलीच नाही. मोबाइलवरून तिने संदेश पाठवून पाहिले, पण सिग्नल नसल्याने ते पोहोचले नाहीत. मोठी शोधमोहीम झाली. तंबू लावून, डायरी लिहीत ती जवळपास चार आठवडे जिवंत होती. तिचे अवशेष मिळाले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. ती नवखी नव्हती. याच वाटेवर तिने त्याआधी शेकडो किलोमीटर अंतर कापले होते.

जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत ही पायवाट १४ राज्यांतून जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. झाडांवर रंगवलेले पांढरे उभे पट्टे वाटसरूला दिशा दाखवतात. बहुतांश वाट दाट झाडीतून जात असल्याने चालणारे तिला ‘हिरवा बोगदा’ म्हणतात. अशा बोगद्यात पाठीवर सॅक घेऊन दिवसभर एकट्याने चालताना शरीरात काय काय घडते, हे समजले तर वर सांगितलेल्या घटनेचाही उलगडा होऊ लागतो.

सुरुवात वेळेच्या गणितापासून. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ढोबळ नियम आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. २५ किलोमीटर अंतर आणि १,२०० मीटर चढ असेल, तर न थांबता सात तास लागतात. त्यात पाठीवरचे ओझे, मुळे-दगडांची वाट, जेवण आणि पाणी भरणे मिळवले की सकाळी सातला निघालेला माणूस संध्याकाळी पाचनंतरच मुक्कामाला पोहोचतो.

एवढ्या श्रमांना दिवसाला ४,००० किलोकॅलरी किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा लागू शकते. यकृत आणि स्नायूंमध्ये साठलेले ग्लायकोजेन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २,००० किलोकॅलरींचे. चरबीचा साठा मोठा असला, तरी चढावर शरीराला झटपट ऊर्जा लागते आणि चरबीतून ती तितक्या वेगाने मिळत नाही. म्हणूनच ‘दुपारी एकदाच पोटभर जेवू’ हा बेत फसतो. दर तासा-दीड तासाने शेंगदाणे, सुकामेवा, चिक्की असे काही तोंडात टाकत राहणे बरे. रक्तातील साखर उतरली की पायांबरोबर डोकेही मंदावते.

पाण्याचेही तसेच. दमट, वारा नसलेल्या जंगलात घाम येतो, पण लवकर वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, त्यामुळे तो आणखी येत राहतो. पाणी कमी पडले तर डोके दुखते, मळमळते. मात्र तहान नसताना केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यानेही रक्तातील सोडियम घसरते आणि तीच लक्षणे दिसतात. सोडियम फारच खाली गेले तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. तहानेनुसार पाणी पिणे आणि सोबत काहीतरी खारट खाणे हा साधा उपाय दोन्ही टोकांपासून वाचवतो.

चढ संपला की सुटलो, असे वाटते. पण स्नायूंना खरा मार बसतो तो उतरताना. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. उतारावर पाय मुरगळण्याचा धोका वाढतो आणि एकट्याला खांदा द्यायला कोणी नसते. दोन्ही हातांत काठ्या आणि छोटी पावले गुडघ्यांवरचा भार हलका करतात.

आणि मग येतो दिवसातला सर्वांत नाजूक वेळ, उतरती संध्याकाळ. शरीर थकलेले, पोट रिकामे, कपडे घामाने ओले. त्यात पाऊस आणि वारा आला, तर तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते. हात अडखळतात, जीभ जड होते, निर्णय चुकू लागतात. आणि निर्णय चुकताहेत हे ज्याचे त्याला कळत नाही. सोबती असता तर त्याने ओळखले असते.

याच वेळी वाट सुटली तर? रात्री रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणतात. २००९ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. सपाट जंगलात काही जणांना सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेले असताना मात्र ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडूनही आपण सरळच चाललो आहोत, असे समजत राहिली. बाहेरची ठळक खूण नसेल, तर दिशेच्या जाणिवेत छोट्या छोट्या चुका साठत जातात. चकवा भुताचा नसतो, तो आपल्याच मेंदूचा असतो.

म्हणून वाट दिसेनाशी झाली की पहिला नियम थांबण्याचा. बसावे, पाणी प्यावे, काही खावे, कोरडा कपडा चढवावा. ओळखीच्या खुणेपर्यंत खात्रीने जाता येत नसेल, तर जागा सोडू नये. शिट्टीचे तीन-तीन आवाज द्यावेत. वाट सोडताना, दोन मिनिटांसाठी असली तरी, शिट्टी आणि होकायंत्र अंगावरच असावे आणि वाकलेल्या फांदीची का होईना, खूण ठेवावी. निघण्यापूर्वी मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरी लिहून द्यावी. सिग्नल नसलेल्या रानात उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र उपयोगी पडते, पण ते वापरता यायला हवे.

मुक्कामी पोहोचल्यावर एक काम उरते. अंगावर गोचीड आहे का, ते पाहणे. ‘लाइम’ आजार पसरवणारी तिथली पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चोवीस तासांच्या आत काढून टाकली, तर संसर्गाची शक्यता फारच कमी. गुडघ्यामागे, काखेत, केसांत बोटे फिरवायला पाच मिनिटे लागतात. दिवसभराच्या थकव्यानंतर तीच पाच मिनिटे टाळावीशी वाटतात.