प्रवासी विमान गस्तीवर निघतं तेव्हा

घाटकोपर, असल्फा, साकीनाका या पट्ट्यात राहणाऱ्यांना विमानांचं अप्रूप राहिलेलं नाही. पूर्वेकडून मुंबईच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं इथल्या छपरांवरूनच जातात आणि त्यांत बोइंग ७३७ नेहमीचंच. याच विमानाचं एक भावंड भारतीय नौदलात आहे. त्याच्या पोटात प्रवाशांच्या रांगांऐवजी रडारचे पडदे असतात आणि शेपटाकडच्या भागात पाणबुडीविरोधी पाणतीरांचा कप्पा. त्याचं नाव पी-८आय. माणसं आणि माल वाहण्यासाठी घडवलेलं यान पहाऱ्याला लावायचं, ही कल्पना अंतराळकथांत नेहमी भेटते. आपल्या किनाऱ्यावर ती अनेक दशकं प्रत्यक्षात वापरली जाते आहे, आणि तिची सुरुवात सांताक्रूझच्या विमानतळावरच्या एका ताफ्याने झाली.

१९५४ साली एअर इंडिया इंटरनॅशनलकडे लॉकहीडची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं आली. चार पंखे, तीन उभी शेपटं आणि माशासारखा बाकदार देह. मुंबईहून लंडन, टोकियो, सिडनी असे लांबचे पल्ले ती गाठत. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आलं आणि पंख्याची विमानं प्रवाशांच्या दृष्टीने जुनी झाली. पण ती भंगारात गेली नाहीत. हवाई दलाने त्यांतली काही घेतली आणि पुढे त्यांच्यापैकी काहींवर रडार चढवून त्यांना समुद्रावरच्या टेहळणीला लावलं. मग ती नौदलाकडे आली आणि १८ नोव्हेंबर १९७६ रोजी नौदलाची ३१२ क्रमांकाची तुकडी गोव्यात दाबोळीला याच विमानांवर उभी राहिली.

त्या वर्षांत पहाऱ्याची गरजही वाढली होती. मुंबई हायचं तेल नुकतंच निघू लागलं होतं, सोन्याची तस्करी जोरात होती, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रसंपत्तीवर भारताचा हक्क नोंदवला. हक्क सांगायचा तर तिथे नजर पोचली पाहिजे.

नजर पोचण्याचं गणित सोपं आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज किती लांब, हे डोळ्याच्या उंचीवर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. गस्तीनौकेवर १६ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशाला सुमारे १४ किलोमीटर दिसतं. ९०० मीटरवरून उडणाऱ्या विमानाला १०७ किलोमीटर. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ३६ हजार चौरस किलोमीटर, गोवा राज्याच्या जवळजवळ दहापट. रडारच्या लहरी हवेत किंचित वाकतात, म्हणून त्यांचा पल्ला आणखी थोडा जास्त.

मग दहा किलोमीटर उंचीवरूनच का पाहू नये? कारण दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. लाटांवरून परत येणाऱ्या लहरींच्या गोंधळात लहान होडी हरवते. शिवाय रडारवरचा ठिपका मासेमारीची बोट आहे की तस्कराची, हे कळायला खाली उतरून तिचं नाव, झेंडा आणि डेकवरची माणसं पाहावी लागतात. तिथे तासन्‌तास घिरट्या घालणारं विमान हवं. खालच्या दाट हवेत जेट इंजिन भरमसाट इंधन खातं. सुपर कॉन्स्टेलेशनचं पिस्टन इंजिन तिथे सरस ठरत असे. त्याच्या अठरा सिलिंडरांतून बाहेर पडणारा धूर वाया जात नसे. तो तीन छोट्या चक्क्या फिरवी आणि ती शक्ती पुन्हा मुख्य दांड्यावर येई. एका इंजिनामागे साडेचारशेच्या आसपास अश्वशक्ती अशी फुकट मिळे. प्रवासासाठी संथ ठरलेलं विमान गस्तीसाठी म्हणूनच योग्य होतं.

पुढे तटरक्षक दलाने हाच मार्ग धरला. डॉर्निअर २२८ हे मूळचं एकोणीस आसनी प्रवासी विमान. ‘वायुदूत’ ही कंपनी ते छोट्या शहरांसाठी उडवत होती. कानपूरला बनलेली तीच विमानं पोटाखाली रडार घेऊन दमणहून समुद्रावर जाऊ लागली. त्यांचा कस लागला १९९९ मध्ये. ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियमने भरलेलं जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी इंडोनेशियाजवळ पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजावर ‘मेगा रामा’ हे नवं नाव रंगवलं. नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात डॉर्निअरने त्याचा माग काढला, तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने पाठलाग केला, नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली आणि जहाज मुंबईला आणलं गेलं. इथल्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीवर भारतात तेव्हा स्वतंत्र कायदा नव्हता. तो २०२२ मध्ये संसदेने केला. आकाशातून गुन्हेगार सापडणं ही फक्त पहिली पायरी आहे, हे त्या खटल्याने शिकवलं.

रूपांतर म्हणजे खुर्च्या काढून यंत्रं बसवणं एवढंच नव्हे. खालच्या खळबळत्या हवेत धातू लवकर थकतो आणि खारं वारं त्याला गंजवतं. म्हणून पी-८ साठी ७३७-८०० चा सांगाडा भक्कम केला गेला, पंख ७३७-९०० चे घेऊन मजबूत केले, आणि त्यांची टोकं प्रवासी विमानासारखी वर वळवण्याऐवजी मागे निमुळती ठेवली. प्रवाशांच्या खिडक्या जवळजवळ सगळ्या गेल्या. पुढच्या बाजूला टेहळणाऱ्या माणसासाठी दोन मोठ्या खिडक्या मात्र आहेत. इतकी यंत्रं असूनही मानवी डोळा सुटलेला नाही. २०१३ पासून नौदलात आलेल्या या विमानांनी दुरुस्तीच्या बाबतीतही सोय केली, कारण जगभर हजारो ७३७ उडतात आणि त्यांचे बरेचसे सुटे भाग सारखेच असतात.

आता सी-२९५ हे मालवाहू विमान वडोदऱ्याला बनणार आहे आणि त्याच्यावर आधारलेली गस्ती विमानं घेण्याची योजना आहे. माझा आग्रह एवढाच, की हे दुसरं काम नंतर आठवू नये. रडारला पोटाखाली जागा, जादा वीज, खाऱ्या हवेत टिकणारा धातू यांचा विचार पहिल्याच आराखड्यात व्हावा. पवईच्या आयआयटीत विमानविद्या शिकणाऱ्या मुलांपुढे हा प्रश्न आजच ठेवण्यासारखा आहे. वर्सोवा, मढ, गोराईचे कोळी रोज ज्या पाण्यात जातात, त्याच पाण्याच्या राखणीचा तो प्रश्न आहे.