भूल कमरेत की पूर्ण?
हदगावसारख्या ग्रामीण तालुक्यात सिझर अडते ते बहुधा भूलतज्ज्ञावाचून. म्हणूनच एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल शिकवण्याची सरकारी योजना निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली.

सिझरसाठी बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात, कमरेपाशी, बारीक सुईने बुपिव्हाकेनचे दोनेक मिलिलिटर औषध देतात. काही मिनिटांत छातीपासून खाली बधिरता येते. आई जागी असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते, लवकर पाजू शकते. बाळापर्यंत औषध जवळजवळ पोचतच नाही. मात्र आईचा रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो, मळमळते. म्हणून तिला डावीकडे किंचित कलते ठेवतात, सलाईन आणि रक्तदाब वाढवणारे औषध तयार असते. नंतर काहींचे डोके दुखते; उठून बसल्यावर जास्त. ‘त्या सुईने जन्माची कंबर गेली’ ही ओसरीवरची तक्रार मात्र अभ्यासांत टिकलेली नाही.

अतिरक्तस्राव, प्लेटलेट फार कमी, क्षणाचीही उसंत नाही, अशा वेळी पूर्ण भूल. तिची औषधे वारेतून बाळाकडे जातात, ते थोडा वेळ सुस्त राहू शकते. आईच्या पोटातले अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोकाही असतो. घरून निघताना ‘दोन घास खाऊन घे’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर वाचावे.