बशीच्या काठावरचं सोनं

सेव्रच्या फ्रेंच कारखान्यातली जुनी बशी उलटी केली, तर पाठीवर निळ्या रंगात एकमेकांत गुंफलेले दोन एल दिसतात. ही फ्रान्सच्या लुई राजाची खूण. दोन्हींच्या मधलं अक्षर म्हणजे साल. 1753 साठी ए, पुढच्या वर्षासाठी बी. आणि नशीब चांगलं असेल, तर शेजारी सोन्यात बारीक आकडा असतो: 2000. ही किंमत नव्हे, नक्षीचा क्रमांकही नव्हे. ही एका कारागिराची सही आहे. त्याचं आडनाव व्हँसाँ, आणि फ्रेंचमध्ये ‘वीसशे’ म्हटलं की उच्चार हुबेहूब तसाच होतो. राजाच्या कारखान्यात बसून, राजाच्या खुणेशेजारी, स्वतःच्या नावावर कोटी करणारा हा माणूस अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बश्यांना सोनं लावायचं काम करत होता.

काम दिसतं तितकं सोपं नाही. बर्फीवर वर्ख बसतो, कारण बर्फी ओलसर असते. चिनी मातीच्या बशीवरची झिलई म्हणजे मात्र काचच. तिच्यावर काही टिकत नाही, आणि सोनं तर कशाशीच नातं जोडायला तयार नसतं. म्हणून तर ते गंजत नाही. सोनं बशीबरोबरच भाजून काढावं, तर अस्सल चिनी मातीला लागते 1400 अंशांच्या आसपासची आच आणि सोनं वितळतं 1064 अंशांना. त्यामुळे सोन्याचा नंबर शेवटचा. माती भाजून झाली, झिलई झाली, रंग झाले, की मग सोनं लावायचं आणि पुन्हा एकदा, मंद आचेवर, भट्टीत घालायचं. इतक्या दिव्यांतून पार पडलेली बशी शेवटच्या भट्टीतही बिघडू शकते.

जर्मनीत माइसनचा कारखाना 1710 साली सुरू झाला, तेव्हा ही युक्ती अजून मुरलेली नव्हती. सुरुवातीला रोगणावर नुसता वर्ख चिकटवत. भट्टी नाहीच. चार वेळा धुतलं की सोनं गेलं. गंमत अशी की, आज हौसेने जुन्या बश्यांवर वर्ख चिकटवतात तो प्रकार हाच आहे, तीनशे वर्षं मागे जाऊन केलेला. तो वर्खही बहुतेक वेळा सोन्याचा नसतो, तांबं आणि जस्त यांचा असतो. अशी बशी भिंतीवर टांगायला ठीक. तिच्यात पोहे वाढू नयेत.

पुढे आउग्सबुर्गच्या कारागिरांनी माइसनची कोरी पांढरी भांडी आणून त्यांवर भट्टीत पक्क्या केलेल्या सोन्याच्या सावल्या उठवल्या: चहा पिणारे चिनी, छत्र्या, पक्षी. सोन्याचा सपाट आकार काढायचा आणि त्यावर टोकदार सुईने कपड्यांच्या चुण्या नि चेहरे कोरायचे. त्यांच्यातल्या सॉइटर घराण्याचं हे काम मला राजवाड्यांतल्या भपकेबाज भांड्यांपेक्षा सरस वाटतं. इथे सोनं नुसतं श्रीमंती मिरवत नाही, त्यातून चित्र दिसतं.

फ्रान्समध्ये हे गुपित एका मठातून आलं. सेव्रच्या आधी हाच कारखाना व्हँसेन इथे होता. 1748 मध्ये इपोलित नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने आपली मुलाम्याची रीत कारखान्याला विकली. लसूण, कांदा आणि व्हिनेगर यांपासून केलेला चिकट रस बशीवर लावायचा आणि त्यावर सोन्याची पूड बसवायची. राजाच्या भांड्यांना लसणीची फोडणी! इंग्लंडमध्ये वर्ख मधात खलत, मग मध धुऊन टाकून उरलेली पूड कुंचल्याने लावत. फ्रान्सच्या राजाला तर आपल्या कारखान्याचं सोनं इतकं मोलाचं वाटे, की इतर कारखान्यांनी ते वापरू नये असे हुकूम निघाले.

भट्टीतून निघालेलं हे सोनं चमकत नाही. ते मळकट पिवळं, जवळजवळ हळदीसारखं दिसतं. चमक येते ती घोटून. आपल्याकडे पोथ्यांचा कागद अकीकाने घोटत, तसंच हे. सेव्रमध्ये हे काम बायका करत. सगळंच घोटायचं नाही, अर्धं मंद सोडायचं. त्या फरकातून पानाची शीर उठते, पाकळी वळते. सोनं लावणाऱ्याची सही बशीच्या पाठीवर असते, घोटणारीची सहसा नसते.

नंतर पारा आला. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं, भट्टीत पारा उडून जातो, सोनं उरतं. काम सोपं झालं, पण तो उडालेला पारा कारागिरांच्या छातीत गेला. 1830 च्या सुमारास माइसनच्या हाइनरिश क्यूननं द्रवरूप सोनं तयार केलं, ते भट्टीतून चमकतच बाहेर पडायचं. घोटायची गरज उरली नाही. सोन्याचा थर पातळ झाला, बशी स्वस्त झाली, आणि मध्यमवर्गाच्या कपाटात सोनेरी काठ आला. आपल्या घरातल्या, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या सोनेरी काठाच्या कपबश्या याच वंशातल्या. ओठ लागतात तिथे पहिल्यांदा पुसट होतात त्या याच पातळ थरामुळे. मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या तर ठिणग्या उडतात, तेव्हाच कळतं की तो रंग नव्हता, धातू होता.

पुसट झालेला काठ नवा करून घ्यायचा मोह होतो. माझं मत, करू नये. जुनं घोटलेलं सोनं गेलं तरी बशीवर त्याची सावली राहते, आणि वरून चिकटवलेला वर्ख तीही झाकून टाकतो. चोरबाजारात किंवा आजीच्या कपाटात अशी एखादी बशी हाती लागली, तर वर्ख आणायला धावण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा.