वजनाच्या हिशेबातली मोटार

ब्रिटनमध्ये एकेकाळी तीनचाकी मोटारीचं रिकामं वजन ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे साधारण ४०६ किलोंच्या आत असलं, की तिला मोटारसायकलचा कर लागे आणि मोटारसायकलच्याच परवान्यावर ती चालवता येई. पुढे ही मर्यादा थोडी सैल झाली. उत्तर इंग्लंडातल्या खाणकामगाराला या सवलतीचं मोल कळत होतं. बायकोमुलांना साइडकारमध्ये पावसात भिजवत नेण्याऐवजी डोक्यावर छप्पर मिळे, आणि त्यासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागत नसे. रिलायंट कंपनीच्या तीनचाकी मोटारी याच वजनकाट्यावर घडल्या.

रॅले कंपनीनं तीनचाकी गाड्यांचा नाद सोडला तेव्हा तिथल्या टॉम विल्यम्सनं तो उचलला. १९३५ मध्ये टॅमवर्थला, स्वतःच्या घरीच त्यानं रिलायंटची पहिली मालवाहू गाडी जुळवली. पुढचा भाग जवळजवळ मोटारसायकलचाच होता. नंतर ऑस्टिन सेव्हनचं इंजिन घेतलं, आणि ऑस्टिननं ते बनवणं बंद केल्यावर रिलायंटनं त्याच धर्तीचं इंजिन स्वतःच्या कारखान्यात काढलं.

१९५०च्या दशकातली पहिली ‘रीगल’ लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून बनत असे. १९५६च्या सुमारास ते पत्रे गेले आणि फायबरग्लासचं कवच आलं. पोलादी पत्र्याला आकार द्यायचा तर अवजड प्रेस आणि महागडे साचे हवेत; लाखो गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. छोट्या कारखान्याला ते कुठून परवडणार? फायबरग्लासचं काम मात्र हातानं होतं. साच्याच्या आत आधी जेलकोटचा थर, त्यावर काचतंतूंची चटई, मग पॉलिएस्टर रेझिन, आणि रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. बुडबुडा राहिला, तर कवच तिथं कच्चं राहतं. कवच हलकं, शिवाय गंजत नाही. खालची चासी मात्र पोलादीच होती. त्यामुळे वरून झळकणारी गाडी आतून कुजलेली असू शके, आणि जुनी रिलायंट घेणारा शहाणा माणूस आधी वाकून खाली बघत असे.

मग पाळी आली इंजिनाची. १९६२ च्या ‘रीगल ३/२५’मध्ये रिलायंटनं स्वतःचं ५९८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन बसवलं. नावातच हिशेब होता: तीन चाकं, पंचवीस अश्वशक्ती. १९७३ मध्ये आलेल्या ‘रॉबिन’ला ओगल डिझाइनच्या टॉम कॅरननं रूप दिलं. चार माणसांची जागा, मागे उघडणारी काच, आणि पुढे एकच चाक. वळणावर ब्रेक दाबला की भार पुढच्या कोपऱ्याकडे झुकतो आणि तिथं तोलायला चाकच नसतं. हे आपल्याकडचा रिक्षावाला पुस्तक न वाचताही जाणतो. तरीही २०१० मध्ये ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसननं वळणावळणावर उलटवून दाखवलेली रॉबिन साधी नव्हती. तिच्या यंत्रणेत मुद्दाम फेरफार केल्याचं त्यानंच पुढे कबूल केलं. बदनामी तोवर होऊन गेली होती.

फायबरग्लासची ही विद्या रिलायंटनं बाहेरही विकली. तुर्कस्तानची ‘अनाडोल’ त्यातूनच उभी राहिली. बंगळूरच्या सिपानींनी आधी ‘बादल’ ही फायबरग्लासची तीनचाकी काढली होती. १९८०च्या दशकात त्यांनी आणलेली ‘डॉल्फिन’ म्हणजे रॉबिनची चारचाकी बहीण ‘किटन’. आपल्या वाचकांपैकी काहींना ती रस्त्यावर पाहिल्याचं आठवतही असेल.

मायदेशी मात्र गिऱ्हाईक आटत गेलं. एकविसावं शतक उजाडताना रिलायंटनं रॉबिनचा निरोप घेतला तो ‘रॉबिन ६५’ या ६५ गाड्यांच्या खास आवृत्तीनं. रंग सोनेरी, आणि ज्या कंपनीनं किलोकिलोचा हिशेब ठेवला तिच्याच या गाडीत चामड्याची आसनं.