भरतीच्या घड्याळावर एक दिवस : तुर्भें ते ठाण्याची खाडी

तुर्भें म्हटलें कीं मुंबईकर गृहस्थाच्या डोळ्यांपुढें कांद्याच्या गोणी, आंब्यांच्या पेट्या, मालमोटारींच्या रांगा आणि कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहतात. पाणी कांहीं उभें राहत नाहीं. वस्तुतः हें गांव खाडीचें. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील ज्या पट्ट्यांत तें वसलें आहे, तेथील जुना धंदा भातशेतीचा, मासेमारीचा आणि मिठाचा. मिठाच्या वाफ्यांस आगर म्हणतात, आणि त्या आगरांत राबणारा तो आगरी, अशी ह्या प्रदेशांतील एका मोठ्या समाजाच्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. पुढें १९६२ मध्यें स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखाने आणले. १९७० मध्यें सिडको निघाली व ९५ गांवांच्या जमिनींवर नवें शहर आंखलें गेलें. आणि मुंबईंतील घाऊक बाजार एकेक करून इकडे हलले. गांव आणि पाणी यांच्यामध्यें रस्ते, रूळ, गाळे व इमारती यांची इतकी दाटी झाली कीं, तुर्भ्यांत जन्म काढलेल्या माणसानेंहि खाडी बहुधा वाशीच्या पुलावरून जातांना, आगगाडीच्या खिडकींतूनच काय ती पाहिलेली असते.

गमतीची गोष्ट अशी कीं, पलीकडच्या तीरावरहि एक तुर्भें आहे. इंग्रजांच्या तोंडीं त्याचें ट्रॉम्बे झालें आणि अणुभट्टीमुळें तें नांव जगभर गेलें. एकाच नांवाचीं दोन गांवें समोरासमोर, मध्यें खाडी, आणि दोन्हीकडच्या पुष्कळांस ह्याचा पत्ता नाहीं!

खाडी जवळून पाहण्याचा एक सोपा मार्ग मात्र आतां उपलब्ध आहे. २००४ मध्यें ठाणें-तुर्भें-वाशी ह्या लोहमार्गावर उतारूंची वाहतूक सुरू झाली. तुर्भ्यास लोकल गाडींत बसावें, कोपरखैरणें, घणसोली व रबाळें मागें टाकून ऐरोलीस उतरावें, आणि तेथून रिक्षानें खाडीकांठच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांत जावें. वनखात्यानें २०१२ मध्यें कांदळवनांसाठीं जो स्वतंत्र कक्ष स्थापन केला, त्याच्या देखरेखीखालीं हें केंद्र चालतें. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत तेथून मोजक्या माणसांची तुकडी होडीनें खाडींत नेली जाते. बरोबर माहिती सांगणारा वाटाड्या असतो. नांव आगाऊ नोंदवावें लागतें, आणि येथेंच नवख्या माणसाची पहिली कुरकूर सुरू होते. त्यास रविवारीं सकाळीं दहाची वेळ सोयीची असते. उत्तर येतें कीं त्या दिवशीं दहा वाजतां होडी निघणार नाहीं.

ह्या नकारांत कोणाचा आडमुठेपणा शोधूं नये. खाडींत दिवसांतून दोन वेळां पाणी चढतें व दोन वेळां उतरतें. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात, म्हणून आजची भरती उद्यां पाऊण तासाहून थोड्या अधिक उशिरानें येते. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांनीं ह्याचा हिशेब पंचांगाशीं बसविला आहे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती समजावी. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. शुद्ध पक्ष असो वा वद्य, पहाट असो वा दुपार, हिशेब तोच. मिनिटांचा काटेकोरपणा ह्यांत नाहीं, आणि खाडीच्या आंतल्या भागांत पाणी बंदरापेक्षां कांहीं वेळानें पोंचतें, तेंहि मिळवावें लागतें. तथापि घरच्या भिंतीवरील पंचांगावरून सहलीचा बेत ठरविण्यास तो पुरेसा आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेंमागें पाणी फार चढतें व तितकेंच उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास त्याचा जोर मंदावतो, तो भांग. मुंबई बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार-पांच मीटरांचा फरक पडूं शकतो. म्हणजे दीड मजला उंचीचें पाणी सहा तासांत येतें आणि सहा तासांत निघून जातें.

आतां ठाण्याची खाडी आहे उथळ. ओहोटी लागली कीं दोन्ही तीरांस चिखलाचीं विस्तीर्ण मैदानें उघडीं पडतात. अशा वेळीं होडी मधल्या प्रवाहांतूनच काय ती चालते. धक्क्यापाशींचें पाणी गेलें तर ती चिखलांत बसते आणि पुढील भरतीपर्यंत उतारूंसहि बसवून ठेवते. उलट पूर्ण भरतींत होडीस मोकळें रान मिळतें खरें, पण चिखल बुडालेला असतो, आणि त्यावर चरणारे पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सकडील तळ्यांवर विसाव्यास गेलेले असतात. जाण्याजोगा काळ तो ह्या दोहोंच्या मधला, अर्ध्या पाण्याचा. होडीपुरतें पाणी आहे आणि पक्ष्यांपुरता चिखल आहे, अशी ही घटका दीड-दोन तासांहून अधिक टिकत नाहीं.

समजा, मार्च महिन्यांतील चतुर्थी आहे. भरती दुपारीं तीनच्या पुढें. म्हणजे होडीची वेळ दिवस कलतांना. मग सकाळ तुर्भ्याच्या बाजारास द्यावी. लोक ह्यास वाशीचा बाजार म्हणतात, परंतु त्याचा बराचसा पसारा तुर्भ्याच्याच हद्दींत आहे. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर येऊं लागतात आणि शहर जागें होण्यापूर्वीं निम्मा व्यवहार उरकलेला असतो. फळबाजारांत मार्चपासून मेअखेरपर्यंत देवगड-रत्नागिरीकडील हापूसच्या पेट्यांचें राज्य. मापाडी, अडत्या, खरेदीदार आणि डोक्यावर ओझें घेऊन धांवणारे माथाडी यांच्या त्या गर्दींत तीस माणसांचा जथा घुसला तर वाटच बंद होते, आणि चार शिव्या खाऊन परतावें लागतें. चार-सहा जण मात्र एखाद्या गाळ्याच्या कडेस उभे राहून, पेटींत आंबे गवतांत कसे रचतात आणि माल हातोहात कसा हलतो, तें निवांत पाहूं शकतात. १९६९ च्या माथाडी कायद्यानें हमालाची मजुरी व भविष्यनिर्वाह यांस कायद्याचा आधार दिला, ही गोष्ट पुस्तकांत वाचण्यापेक्षां येथें पाठीवरचें ओझें पाहून अधिक नीट समजते. गांवठाणाच्या गल्ल्यांतून एक फेरी मारून दुपारच्या गाडीनें ऐरोली गांठावी.

होडी धक्का सोडते तेव्हां प्रथम दोन्ही बाजूंस कांदळवन लागतें. ह्या खाडींत तिवराचें प्राबल्य आहे. चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून तिवराचीं मुळें जमिनींतून पेन्सिलींसारखीं वर येऊन श्वास घेतात. अंगांत आलेलें जादा मीठ तें पानांवाटे बाहेर टाकतें, आणि उन्हांत तें मीठ पानावर चकाकतांना दिसतें. मुळांमध्यें निवट्या नांवाचे मासे चिखलावर उड्या मारीत असतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात; नशीब असेल तर झाडींतून कोल्हाहि दिसतो. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें कांदळवनांच्या तोडीस बंदी घातली नसती, तर ह्या झाडीचें काय झालें असतें तें पलीकडच्या उंच इमारती सांगतातच.

पुढें वळण घेतल्यावर दूर चिखलाच्या कडेस फिकट गुलाबी रेघ दिसूं लागते. हेच ते अग्निपंख, म्हणजे इंग्रजींतील फ्लेमिंगो. रोहित असेंहि त्यांस म्हणतात. १९९० नंतरच्या दशकांत हे पक्षी मुंबईच्या खाड्यांत मोठ्या संख्येनें येऊं लागले. नोव्हेंबरच्या सुमारास यावें आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं जावें असा त्यांचा क्रम. त्यांच्या विणीचीं ठिकाणें कच्छच्या रणांत आहेत. तेथील वसाहत पाहण्यासाठीं सलीम अली १९४५ मध्यें रण तुडवीत गेले होते. दोन जाती येथें एकत्र दिसतात. मोठा अग्निपंख उंच व फिकट. त्याची चोंच गुलाबी, टोंकास काळी. लहान अग्निपंख ठेंगणा, अधिक गडद, आणि त्याची चोंच काळपट तांबडी. दोघेहि डोकें उलटें करून चोंच पाण्यांत बुडवितात. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढेंमागें होते, पाणी आंत येतें व चोंचीच्या कडेच्या बारीक झालरींतून गाळून बाहेर पडतें. मोठ्याच्या झालरींत किडे व लहान कवचधारी जीव अडकतात. लहानाची झालर इतकी बारीक कीं तींत सूक्ष्म निळें-हिरवें शेवाळ अडकतें. गुलाबी रंग येतो तो ह्याच अन्नांतून. पिलें राखी असतात.

इतकें सूक्ष्म अन्न खाऊन एवढा देह पोसावयाचा, म्हणजे पक्ष्यास तासन् तास मान खालीं घालून गाळीत राहावें लागतें. आणि उतारूंची मागणी नेमकी ह्याच्या आड येते. "आणखी थोडें जवळ घ्या," असें होडींतून कोणी तरी म्हणतोच, विशेषतः हातांत छायाचित्राचें यंत्र असल्यास. चांगला वाटाड्या तें ऐकत नाहीं. तो दूरवरच यंत्र बंद करवितो, आणि पक्ष्यांच्या मानांवर नजर ठेवतो. एकदोन माना वर आल्या तर चिंता नाहीं. पुष्कळ माना एकदम वर आल्या आणि थवा एकाच दिशेनें चालूं लागला, तर होडी हद्दीबाहेर आली असें समजावें. पुढची पायरी उड्डाणाची. ते सहस्रावधि पंख उघडण्याचें दृश्य नेत्रदीपक असतें ह्यांत शंका नाहीं, परंतु त्याची किंमत पक्ष्यानें भरलेली असते.

हा अनुभव केवळ येथला नाहीं. मेक्सिको देशाच्या युकातान प्रांतांत, मेरिदा शहराच्या पश्चिमेस समुद्रकांठीं, सेलेस्तून नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. तेथेंहि खाजण आहे, कांदळवन आहे, आणि अमेरिकन जातीचे भडक केशरी-गुलाबी अग्निपंख आहेत. गांवचे कोळी लहान होड्यांतून थोड्या थोड्या प्रवाशांना पक्षी दाखवून आणतात आणि मागाहून प्रवासी गांवांत मासे खाऊन, चौकांत हिंडून परततात. सेलेस्तूनच्या मोटारहोड्यांचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो ह्याचा एक अभ्यास १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला. होड्या आल्या कीं पक्ष्यांचा चरण्याचा वेळ घटतो, असें त्यांत आढळलें. लहान तुकडी आणि जाणता वाटाड्या ह्यांचें महत्त्व येथें कळतें : आठ माणसांना गप्प बसविणें शक्य असतें, ऐंशींना नाहीं.

सुकाणूवरचा तांडेल अशा वेळीं अवश्य न्याहाळावा. अशा फेऱ्यांत तो पुष्कळदां खाडीकांठच्या कोळीवाड्यांतला असतो. पाण्याखालचा चिखल कोठें चढला आहे, खुंट कोठें रोवले आहेत, कोणत्या वाऱ्यांत पाणी लवकर ओसरतें, हें ज्ञान त्याच्या घरांत पाग आणि बोक्शी ह्या जाळ्यांबरोबर आलें. बोईट, कोळंबी व चिंबोरी ह्यांवर एके काळीं ह्या तीरावरील घरें चालत. कारखान्यांचें पाणी, शहराचें सांडपाणी आणि सांचत गेलेला गाळ ह्यांनीं मासळी घटली. आणि विलक्षण योग असा कीं, ज्या सांडपाण्यानें मासा हटविला त्याच्याच पोषणानें शेवाळ माजलें, आणि तें खाण्यास अग्निपंख इतक्या संख्येनें येऊं लागले, असा पुष्कळ अभ्यासकांचा कयास आहे. कोळ्याच्या हातचें एक गेलें, दुसरें आलें. पण दुसरें वर्षाकांठीं सहा-सात महिनेच राहतें.

तेंहि कायमचें आहे असें समजूं नये. ६ ऑगस्ट २०१५ रोजीं खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्यें खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें, हें खरें. परंतु भरतींत पक्षी ज्या तळ्यांवर विसांवतात तीं ह्या हद्दीबाहेर, शहराच्या पोटांत आहेत. २०२४ च्या एप्रिलांत नेरूळच्या एका तळ्यांतील पाणी आटलें आणि त्या परिसरांत कांहीं अग्निपंख मृत झालेले आढळले. त्याच वर्षीं २० मेच्या रात्रीं घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसांहून अधिक पक्षी पडले. चिखल राखला आणि तळें बुजविलें, तर भरतीच्या वेळीं पक्ष्यानें जावें कोठें, ह्या प्रश्नाचें उत्तर अभयारण्याच्या नकाशावर सांपडत नाहीं.

ऊन उतरूं लागतें तसें प्रवाहाचें तोंड फिरलेलें स्पष्ट दिसतें. तिवरांच्या बुंध्यांवर ओल्या रेषेची पट्टी रुंद होत जाते. तांडेल कोणास न विचारतां होडी वळवितो. मागें थवा मान खालीं घालून चरतच असतो. धक्क्यास लागल्यावर उतारू एकेक करून वर चढतात, कोणी छायाचित्रें पाहण्यांत गढलेला, कोणी चहाच्या शोधांत. तांडेल मागें राहून होडी बांधतो. दोर तो ताणून बांधत नाहीं. चार-पांच हात सैल सोडतो, कारण रात्रीं नऊच्या सुमारास ती होडी आतां आहे त्याहून पुरुषभर खालीं, चिखलांत टेकलेली असेल.